एक पेला म्हणजे

दिंडोरी रोडला, मेरीच्या वसाहतीमागे,
तिसऱ्या मजल्यावर आमचं जाळं शिकतंय.
शिकतंय म्हणजे काय, तर चुकतंय.
चूक मागे पाठवायची, थराथरांतून,
वजनं जराजराशी हलवायची
आणि पुन्हा विचारायचं: सांग, किती पडला?

परवा म्हणालं, उणे शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
म्हणजे सापटेपाड्याला पाऊस वर गेला असणार,
कौलांवरून, सागाच्या पानांवरून,
सरळ ढगात परत.
फिरदौस हसली. म्हणाली, गंगेवर कुणाला सांगू नकोस.

त्याला आम्ही देतो
ढगांच्या माथ्यावरचा गारवा, उपग्रहानं पाहिलेला,
रडारचे हिरवे-पिवळे डाग,
ब्रह्मगिरीची उंची, वाऱ्याची दिशा,
आणि उत्तर ताडून पाहायला
नवसू बेंडकोळींची एकतीस वर्षांची वही.
रोज सकाळी साडेआठ. निळी शाई.
मधूनच एखाद्या पानावर शेणाचा अंगठा.

ती मीच उतरवली, आकडा आकडा, दोन उन्हाळे,
शेऱ्याचा रकाना सोडून.
जाळ्याला शेरा चालत नाही.
'रात्रभर पत्रा वाजला.'
'आज नुसता बसून होता, पडला नाही.'
'ओहोळापलीकडची पोरं आली नाहीत.'
'भांड्यात बेडूक. काढून मोजले.'

इगतपुरी जमलं, पेठ जमलं, गंगापूर धरण जमलं.
सापटेपाडा जमेना.
तिथं नेहमी चतकोर कमी सांगायचं.
मी थर वाढवले. थर काढले. एक अख्खा आठवडा
डोंगरालाच दोष दिला.
मग वही उघडली पुन्हा, या वेळी डोळ्यांनी.

वीस. चाळीस. दहा. पंधरा. साठ.
अकरा पावसाळे असे,
सुटे पैसे नसलेल्या वाण्यासारखे.

फोन लावला.
'हां, ते होय,' नवसूदादा म्हणाले,
'काचेचं माप बकरीनं पाडलं.
नव्यासाठी अर्ज केला, दोनदा.
तोवर पाऊस थांबतो का? घरातला पेला घेतला.
एक पेला म्हणजे दहा धरले.'

रविवारी गेले. पेला अजून आहे,
त्यात मला कोरा चहाही मिळाला.
काठाखाली कोरलंय: चि. सौ. कां. यमुनास, मामाकडून.
विसळून, पाणी भरून, खऱ्या मापात ओतलं.
एक पेला म्हणजे तेरा.

एवढा ढग, एवढा डोंगर, एवढे डाग,
आणि आमचं जाळं इमानानं शिकलं होतं
यमुनाबाईंच्या लग्नातला पेला.

मला हसू आलं नाही.
इकडे रामकुंडाजवळ फुलं विकणारे सुपडूशेठ
मिलिमीटर कधी विचारत नाहीत.
विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
गुडघ्याला आलं की टोपल्या उचलायच्या,
कमरेला आलं की मेव्हण्याचा टेम्पो बोलवायचा.
त्यांचं कधी चतकोरही चुकलेलं नाही.

सुधारलं मी. दहाला तेरा, अकरा पावसाळ्यांना एकदम,
एका ओळीत. चूक खाली आली.
वरचे लोक खूश झाले.
पण त्या अकरा वर्षांत भिजत जाऊन
कुणी तरी पेला डोळ्यांसमोर धरला होता,
अर्धा की पाऊण, ठरवत उभं होतं,
ते कुठल्या ओळीत गुणायचं, मला कळेना.

काल रात्री सव्वातीनला जाळं म्हणालं, एकशे बेचाळीस.
धरणावर कळवायचं तर खात्री हवी.
मोजायची वेळ नव्हती, तरी फोन लावला.
दादा, किती?
'थांबा. बघून सांगतो.'

कडी निघाल्याचा आवाज.
बॅटरीची टिचकी.
मग पत्र्यावरून
तोच, आकडा नसलेला,
माझ्या कानाला लागून
पडत राहिला.